भाग दुसरा

मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात, पार्किंगच्या पावती-खिडकीत,
रात्री सव्वादोनला भिकनबापू
माझ्या मोबाइलचं घड्याळ धरून बसतात.
एक मिनिट विचाराला, दोन मिनिटं बोलायला.
हात वर: सुरू. हात खाली: बस.
इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणूनच निवडलं त्यांना.
वर आयसीयूत सगळ्या सिस्टरना थोडंथोडं येतं,
आणि थोडं येणारी माणसंच जास्त हसतात.

कॉलेज रोडच्या क्लासात सर शिकवतात:
ओठांचा चंबू केला तर वाइन,
वरचे दात खालच्या ओठावर टेकवले तर व्हाइन, म्हणजे वेल.
आपल्याकडे एकच व. त्यात बागही बसते, बाटलीही.
पिंपळगावचा एक मुलगा, घरची दहा एकर द्राक्षं,
आठवडाभर आरशात बघून दात टेकवतोय.
"माझे वडील दारू छाटतात"
असंच निघतं अजून तोंडातून.

सर म्हणतात, थांबू नका.
थांबलात की मार्क गेले.
शब्द सापडेना तर "वेल" म्हणा, "ॲक्च्युअली" म्हणा,
आणि खोटं बोला बिनधास्त,
परीक्षक काही तुमच्या गावी येऊन बघणार नाही.
गावाला लायब्ररी द्या. वडिलांना छंद द्या.

दिला. वडिलांना फोटोग्राफी दिली.
नदीचं कार्ड आलं तेव्हा गोदावरी दिली,
सरांच्या झेरॉक्समधली,
घाट, दिवे आणि तीन विशेषणांसकट.
बापूंनी हात खाली केला.
"गाडी झकास चालनी," म्हणाले,
"पन रिकामी व्हती."

पहिलीत मला "शे" सोडायला लावला होता,
सटाण्याच्या शाळेत, बाईंनी,
छडी नाही, फक्त भुवई उचलून.
माय घरमा शे. आई घरात आहे.
मी तिला इतकी वर्षं "आहे"मध्ये ठेवली
की फोनवर आता तीच माझ्याशी जपून बोलते,
पाहुण्यांशी बोलावं तसं.
आणि हल्ली मी "इज" विसरते.
सर वहीत लाल पेनानं लिहितात,
मदर ॲट होम. इज कुठे गेलं?

काल परत नदीचंच कार्ड निघालं.
एक मिनिट. कागदावर काही लिहिलं नाही.
हात वर.
म्हणाले, इंग्रजीत, आमची नदी आरम.
उन्हाळ्यात ती नसते.
वाळू असते. आई वाळूत हातानं खड्डा करते,
कोपर बुडेपर्यंत.
मग बसायचं.
झिऱ्याला काय म्हणतात इंग्रजीत?
मी थांबले.
वेल नाही म्हणाले. ॲक्च्युअली नाही म्हणाले.
झिऱ्यापाशी कुणी मध्ये बोलत नाही,
घाई केली की गढूळ येतं.
वाटीभर साठू द्यायचं, वाटी हंड्यात,
परत थांबायचं.
एक अँब्युलन्स आत वळली,
तिचा निळा दिवा बापूंच्या चष्म्यावरून गेला.
मग म्हणाले, स्मॉल वॉटर.
लहान पाणी.
चूक असेल.
आणि ते पाणी, म्हणाले, आणि ते पाणी...
इथे हात खाली यायला हवा होता.
घड्याळात तीन मिनिटं चाळीस सेकंद,
बापूंचा हात तसाच वर,
कुणी गाडी थांबवावी तसा.

"माले काय समजनं नही," ते म्हणाले,
"पन पानी दिसनं."

शनिवारी परीक्षा.
तिथे दोन मिनिटांना तोडतातच, सर म्हणतात,
वाक्य अर्धं राहिलं तरी मार्क जात नाहीत.

सकाळी ड्युटी संपल्यावर
द्वारकेच्या रिक्षात बसून आईला फोन लावला.
काय चालू शे, माय, म्हणाले.
तिकडून बराच वेळ काही आलं नाही.
मी थांबले.