अकरा किलो आठशे ग्रॅम

वजन खोक्यावरच छापलं होतं, तरी दाजींनी
खोकं खांद्यावर घेऊन पाहिलं.
"खरा आसा. सुरमयची ल्हान टोपली."
मग उघडून बघितलं. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या,
लाकडाची एकही नाही.
चाळीस वर्षं होड्या बांधलेल्या बोटानं
त्यांनी डावीकडची शेवटची पट्टी दाबली,
मग उजवीकडची.
"ही जड, ती हलकी. कित्याक?"
म्हटलं, खऱ्या पियानोत हातोडी तारेवर पडते,
जाड तारेला मोठी हातोडी.
ह्यात तार नाही.
हातोडीची सवय तेवढी ठेवलीय.
यावर दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

शनिवारी तारकर्लीला रिसॉर्टवर वाजवते.
रिक्षात तो मांडीवर आडवा,
दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर,
घडीचा स्टँड पायाशी, पेडल पर्समध्ये.
गाणारा विश्राम खोबरेकर.
त्याचा गळा जेवणाआधी काळी दोन,
जेवणानंतर पांढरी एक.
मी एक बटण दाबते, सप्तक खाली सरकतं,
बोटं होती तिथंच.
विश्राम अजून समजतो, मी घाबरत नाही म्हणून जमतं.

गेल्या खेपेला मध्येच वीज गेली.
पंखे थांबले, मोठे स्पीकर गप्प.
पियानोच्या पोटात सहा सेल होते,
आणि त्याचे स्वतःचे दोन चिमुकले स्पीकर.
समुद्रापुढे त्यांचं काय चालणार?
पहिल्या दोन टेबलांपुरतं.
बाकीचे खुर्च्या वाळूतून ओढत जवळ आले.

घरी मात्र हेडफोन.
पडवीला लागून शेजाऱ्यांची खिडकी, आत बारावीचा मुलगा.
माझ्या कानांत 'हॉल' नावाचं बटण दाबलेलं असतं,
सूर उंच छताला लागून सावकाश परत येतात.
आमच्या कौलांखाली
फक्त ठक.
ठक ठक.
पट्टी तळाला टेकल्याचा.

सकाळी बशीत चहा ओतता ओतता दाजी म्हणाले,
"काल तिसऱ्या फेरेक डावो हात मागे रवलो."
"तुम्हाला ऐकू आलं?"
"गाणा नाय. ठोके."

फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासताना
ते असंच ऐकायचे.
पोकळ जागी ठोका वेगळा पडतो,
वाकून बघावं लागत नाही.

त्या रात्री हेडफोनची एक बाजू
कानावरून मागे सरकवली.
तिसरी फेरी आली.
एका कानात हॉल, दुसऱ्यात ठोके,
आणि डाव्या हाताशी, खरंच,
सांधा उघडा होता.
पुन्हा वाजवलं. पुन्हा.
खाऱ्या हवेसाठी दाजींनी शिवलेली जुन्या शिडाची खोळ
पायाशी पडली होती, तिला अजून डांबराचा वास.
आतून खाट करकरली.
"दाजी, झोपा आता."
"निजलंय मी. तू तुजा काम कर."