पंच क्रमांक दोन

मी मत्स्यव्यवसाय खात्यात लिपिक, हर्णैला.
टेबलावर लाकडी फूटपट्टी असते, मिलिमीटरवाली.
एकशेपस्तीसच्या आतलं पापलेट विकायचं नाही
असं राज्याचं म्हणणं.
बारा सागरी मैलांपर्यंत पाणी राज्याचं,
त्यापुढे केंद्राचं.
पाण्याला हे माहीत नसतं.
तांडेलाला असतं, पण तो बोलत नाही.

त्या मंगळवारी फौजदार उगले बाई आल्या.
पंच हवेत, म्हणाल्या,
सरकारी माणूस असला की फुटत नाही.
पोस्टातल्या दाभिळकर बाई पंच एक, मी दोन.
जीपमध्ये त्यांनी थोडक्यात सांगितलं:
परदेशातल्या कुठल्यातरी संगणकाला आधी दिसलं,
त्यानं दिल्लीला कळवलं,
दिल्लीनं मुंबईला, मुंबईनं रत्नागिरीला,
रत्नागिरीनं यांना.
इतका मोठा फेरा घेऊन कागद आला तो
आमच्या मागच्या आळीत,
बर्फ फॅक्टरीच्या हिशेबनिसाकडे,
जो गणपतीत वर्गणीची पावती
सुंदर अक्षरात लिहून देतो.

फोन देव्हाऱ्याशेजारच्या प्लगला लावलेला.
आई दारात उभी.
"काय केलान त्यानं? फोनच तर हाय."
कोणी उत्तर दिलं नाही.
उगले बाईंनी पडदा स्वतःकडे वळवून धरला.
आम्हाला दिसला तो फक्त त्यांचा चेहरा.
मग त्या म्हणाल्या, लिहा.
फोल्डरचं नाव : बर्फ मार्च.
फाइली : एकशेबारा.
मग एक लांबलचक आकडा, अक्षरं मिसळलेली,
हॅश व्हॅल्यू म्हणतात त्याला,
मी एकेक वाचून दाखवला, दाभिळकर बाईंनी ताडून पाहिला.
तेवढा वेळ फक्त आकडा होता.
लाखेचा वास खोलीभर.
सही करताना माझं आडनाव मला लांब वाटलं.

खेडच्या कोर्टात अडीच वर्षांनी हाक आली.
आरोपीचे वकील सभ्य माणूस.
"तुम्ही ते पाहिलंत?"
नाही.
"मग आत काय होतं, तुम्हाला माहीत नाही?"
नाही.
"माझ्या अशिलानं काही बनवलं नाही, विकलं नाही.
ग्रुपवर आलं, राहून गेलं.
तुम्ही मासळी खात्यातले.
जाळ्यात नको ते येतंच की."

सरकारी वकील उठले, कलम पंधरा म्हणाले,
माहिती तंत्रज्ञानाचं सदुसष्ट ब म्हणाले.
आलं असेल तर पुसा, नष्ट करा,
नाहीतर कळवा. कायद्याचं मागणं एवढंच.
मला सांगायचं होतं, साहेब,
जाळ्यात आलेल्याला कोणी
महिन्याचं नाव देऊन कपाटात ठेवत नाही.
पण न्यायाधीश म्हणाल्या,
विचारलं तेवढंच बोला.
सही तुमचीच ना?
माझीच.

येताना एस.टी. भरणे नाक्यावर बराच वेळ थांबली.
तेव्हा पहिल्यांदा तिचा विचार आला.
किंवा त्याचा.
मुलगी की मुलगा, तेही आमच्या कागदात नव्हतं.
कुठल्या देशात, कुठल्या भाषेत
"नको" कसं म्हणतात तिथे.
पीडित मुलाचं नाव छापायला कायद्यानं बंदी आहे.
इथे बंदीची वेळच आली नाही,
नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.
तो फोन ज्या हद्दीत सापडला
ती हद्द तेवढी आमची.
बाकी सगळं बारा मैलांपलीकडे.

मासा आणि मूल एका ओळीत बसवू नये.
कळतं मला. बसवत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिलावाला गेलो.
जुलेखाचाचीच्या पाटीत वरचा थर चांगला,
खालचा बारीक.
पट्टी लावली.
एकशेएकतीस.
"चार मिलिमीटरसाठी, भाऊ?
आता हे मेलंय ना? सोडून जगणाराय काय?"
नाही जगणार, चाची.
कार्बन नीट सरकवला
आणि पावती फाडली.