कुजबुज

पाच फुटांवर उभं राहायचं,
छातीतला श्वास सगळा सोडून द्यायचा
आणि उरल्यासुरल्या हवेत एक शब्द कुजबुजायचा.
समोरच्यानं तो जसाच्या तसा परत करायचा.
ट्रकवाल्यांचे कान आम्ही अजून असेच तपासतो.
बाकी सगळं संगणकात गेलं.

आर्लो टॉफ्टे दर दोन वर्षांनी येतो,
जेम्सटाउनच्या बाहेर, धान्याच्या उंच कोठारांपलीकडे,
जिथे माझा दवाखाना आणि टायरचं दुकान
एकाच भिंतीला पाठ टेकून आहेत.
एकतीस वर्षं सूर्यफुलाच्या बिया फार्गोला नेतोय.
पूर्वी मी त्याला कार्ड लिहून द्यायचे,
तो ते मार्व्हाच्या फोटोमागे सरकवायचा.
माझं अक्षर वाईट. तारखेतला तीन कुणाला आठ वाटला
तर वाटू दे म्हणायचे.
आता तीन म्हणजे तीनच.

काल त्याचा रक्तदाब ठीक होता. नजर ठीक.
मी मागे सरकले, श्वास सोडला.
"ऑक्टोबर," तो म्हणाला.
मी म्हटलं होतं, मधमाशी.

बारा वर्षं मी ऑक्टोबरच म्हणत आले होते.
सवय म्हणा, आळस म्हणा,
काल का बदलला कोण जाणे.
बाहेर त्याचं इंजिन चालू होतं, थंडीत तो बंद करत नाही.
ते त्याला ऐकू येतं की नुसतं तळपायांना कळतं,
मी विचारलं नाही.

"पुन्हा सांग, डॉक."
तो माझ्या ओठांकडे बघू लागला
आणि मी तोंडापुढे हात धरला.
त्या हाताची मला अजून लाज वाटते.

पडद्यावर तीन गोल:
पात्र. अपात्र. निर्णय बाकी.
बारा वर्षांचा ऑक्टोबर कशातच मावेना.
आणि वर, माझ्या नावापुढे, माझा नोंदणी क्रमांक.
पाठवायला उद्या मध्यरात्रीपर्यंत मुदत होती,
पण ती माझी. त्याची नव्हे.
एकदा बटण दाबलं की तो जाकिटाची चेन लावेपर्यंत
सगळं बिस्मार्कला पोचलेलं असतं.

"काय लिहितेस ते मोठ्यानं वाच," तो म्हणाला.
मी वाचलं. टायरवाल्यांनाही ऐकू गेलं असेल:
निर्णय बाकी. श्रवणयंत्र लावून फेरतपासणी.
पंचेचाळीस दिवस.
"हे आलं ऐकू," तो म्हणाला, आणि टोपी घातली.

ट्रक त्यानं लगेच हलवला नाही.
आधी इंजिन बंद केलं.
मग भिंतीपलीकडे एक नट फरशीवर पडला
आणि घरंगळत कुठवर गेला
ते मला इथून कळलं.
मी बटण दाबलं.

बाकावर पुढचा ड्रायव्हर बसला होता, तरुण,
बाह्या वर करून.
त्याच्यासाठी नवा शब्द हवा होता.
पाच फुटांवर उभी राहिले, श्वास सोडला.
शब्द सुचेना.