पाणी फिरवणे

रांगेलने पिंप भरलं मंगळवारी.
साठ लिटरचं, निळं, तळाशी तोटी असलेलं,
प्लेवेनमधल्या त्या सातमजली इमारतीच्या तळघरात,
जिथे दर बिऱ्हाडाला एक जाळीचं दार, एक कुलूप
आणि नोव्हेंबर लागला की एक कोबीचं पिंप.
बावीस गड्डे. देठ कोरून खळग्यात मीठ,
मधूनमधून बीटाच्या चकत्या, मूठभर मक्याचे दाणे,
वर वीत नदीतला धोंडा, लग्नाआधीपासून त्याचा.

शनिवारी तो गेला.
दोन्काने त्याचा फोटो छापलेला कागद चिकटवला
इमारतीच्या दारावर, पाववाल्याच्या काचेवर.
दफन उरकून परतली तर जिन्यात
तिसऱ्या मजल्यावरचा मेतोदी, टोपी हातात धरून:
"रड तुला हवं तेवढं. पण पाणी रोज फिरवायला हवं.
मीठ तळाशी बसतं."

आपल्याकडे कष्टांवर पाणी फिरतं
तसं नव्हे हे.
इथे फिरवलं नाही तरच सगळं वाया.
ती उतरली. तोटीखाली बादली,
भरली की वरून ओतायची, पुन्हा बादली.
पिंपाला कान लावला तर आत कुणी
तोंडात घास घेऊन हळू बोलत होतं.

भाची काल्याना डेअरीच्या प्रयोगशाळेत असते.
म्हणाली, मावशी, विरजण लागत नाही याला,
ते पानांवरच बसून येतात शेतातून.
मीठ पडलं की इतर मरतात,
हे मात्र खाल्ल्या मिठाला जागतात,
साखर खातात, आंबट सोडतात.
आधी घाईचे, साखळी करून राहणारे;
हे बुडबुडे त्यांचे.
पण त्यांनीच केलेलं आंबट त्यांना सोसत नाही,
आठवड्याभरात आपल्याच कामात बुडून निपचित होतात.
मग काड्यांसारखे दुसरे येतात,
सावकाश, सोशिक, उरलेलं पुरं करणारे.

"त्यांना ठाऊक असतं?"
"काय?"
"की चव बघायला आपण नसू."
"जिवाणू आहेत गं मावशी," म्हणाली काल्याना,
आणि उगाच बादली विसळत राहिली.

नवव्या दिवशी आवाज थांबला.
दोन्काने कान लावला, दुसरा लावला,
पिंपावर चापट मारली, झोपलेल्याला मारावी तशी.
शेवटी मेतोदीला हाक.
त्याने बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले.
"बिघडलं नाही काही. आता कुठे मुरायला लागलंय."

मग रोजचं उतरणं दोन दिवसांआड झालं,
मग आठवड्याने.
एकदा ती गेली आणि बादली न घेता
तिथेच पालथ्या क्रेटवर बसून आली.
अंग आंबून गेलं होतं,
म्हणजे दमलं होतं;
पण शब्द काही चुकीचा नाही.

चाळिसाव्या दिवशी थडग्यावर उकडलेले गहू, साखर.
घरी येऊन तिने धोंडा उचलला. जड होता.
खालचं पान पिवळं, काचेसारखं,
देठाच्या शिरेतून पलीकडचा दिवा दिसेल इतकं.
तोटीतून पेलाभर गुलाबी पाणी काढलं,
एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं.
"खारट! एकतीस वर्षं सांगतेय,
मूठ आवर म्हणून."

जाळीच्या दारापलीकडे कुणीच नव्हतं.
तिने पेला संपवला
आणि तोटी पुन्हा सोडली.