तीन फुटवे

जानेवारीत रस मुळांत उतरतो,
कापायचं ते तेव्हाच.
लाझारबाची एवढंच बोलला
आणि बर्फातून पुढे निघाला,
कमरेला कोयती, खांद्यावर रिकामी पोतडी.
मी त्याच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय टाकत मागे.

ओढ्यापलीकडे, उंच बीचच्या पायथ्याशी
ओश्टोरमेनची झुडपं.
ओश्टोर म्हणजे चाबूक.
कार्पेथियातले गाडीवान याचाच दांडा करायचे.
गाडीवान गेले,
झुडूप अजून नाव धरून बसलंय.
याच्या कळ्यांना थंडीतही खवले नसतात,
नुसती राखाडी लव,
समोरासमोर, जोडीजोडीने.

"उन्हातलं बघू नकोस.
उन्हातलं लाडावतं, चहूकडे हात पसरतं.
सावलीतल्याला वर उजेडाचं एकच भोक दिसतं,
ते बिचारं नाकासमोर जातं."

मी आणलेले अकरा त्याने बर्फावर मांडले.
एक डोळा मिटून
बुडख्याकडून शेंड्यापर्यंत पाहिलं प्रत्येकाला,
मुलगी बघायला आलेले पाहुणे पाहतात तसं:
आधी गप्प, मग खोड काढायची.
हा करंगळीहून जाड.
हा खाली ठीक, कमरेत लचकलेला.
याचा गाभाच भुसभुशीत.
याचा शेंडा हरणाने खाल्ला,
मग बाजूची कळी वर चढली,
तिथलं कोपर आता जन्मभराचं.

"हा तर सरळ आहे," मी म्हणाले.
"सरळ कुणी नसतं.
निखाऱ्यावर धरून, गुडघ्यावर दाबून करायचं सरळ.
पुन्हा दमट हवा आली
की त्याला आपलं वाकणं आठवतं.
ज्याचं वाकणं आधीच कळलंय
असा निवड."

अकरांतले दोन उरले.

मग वळणावरचा त्याचा खुंट.
दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने तो जमिनीलगत छाटला होता,
या वर्षीच्या फुटव्यांसाठी.
एका खुंटाचे बाण भावंडांसारखे उडतात,
भाता एका खुंटाचा असावा,
हे त्याने मला शरद ऋतूत तीनदा सांगितलेलं.

कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं.
चौदा पांढरे घाव, ताजे.
तीन फुटवे उभे.

"चोर," मी म्हणाले.
"चोराने सगळे नेले असते."
त्याने हातमोजा काढला,
एकेका घावावरून अंगठा फिरवला.
सगळे उलट्या बाजूने तिरके.

गावात डावखुरी कोयती एकच,
मोझेशची.
एका आईचे दोघे.
अकरा वर्षांमागे कुरणाच्या कुंपणावरून
नवराबायकोत व्हावी तशी काडीमोड झाली.
रविवारी चर्चमध्ये एकाच बाकाची दोन टोकं.
मधे टोप्या ठेवतात लोक.

वर नीलपंखी डोमकावळा ओरडून गेला.
लाझारबाची गुडघ्यांवर बसला.
एक डोळा मिटून उभ्या तिघांना पाहिलं,
खालून वर, मग पुन्हा खालून वर.
मीही वाकून पाहिलं.
चौदांच्या आधी कापावेत असे होते तिन्ही.

त्याने दोन कापले.
एक ठेवला.
"हा का ठेवला?"
"खुंट जगायला हवा."
मागच्या हिवाळ्यात दुसरा खुंट
त्याने बुडापासून बोडका केला होता,
मी कंदील धरून शेजारी होते.
मी काही बोलले नाही.

चार फुटवे, लिंडेनच्या सालीने बांधलेले.
दोन्ही टोकांना चरबी, म्हणजे तडकणार नाहीत.
साल आत्ता सोलायची नाही.
वर्षभर माळ्यावर, सावलीत.
पुढल्या जानेवारीपर्यंत आता
कामाचं असं काही नव्हतं त्यांच्यापाशी.

उतरताना ओढ्यापाशी तो थांबला.
कोयती डाव्या हातात घेतली,
हवेत एक घाव घालून पाहिला.
नाही जमला.
पुन्हा उजव्यात घेतली
आणि चालू लागला.