झालं म्हणजे काय

किसुमूत, मासळी संघाच्या दुसऱ्या मजल्यावर,
पंख्याने पहिल्याच दिवशी आमचं नियोजन उडवलं.
भिंतीवरच्या पिवळ्या चिठ्ठ्या सुटत गेल्या,
एक तर थेट अपोंडीच्या चहात.
नैरोबीहून शिकवायला आलेली जेरोनो म्हणाली, असू दे,
चिठ्ठी गेली तरी तिच्यावरून झालेलं बोलणं राहतं.
मी बावीस वर्षं संघाच्या वह्या लिहिल्या.
माझ्या वहीत खाडाखोड म्हणजे गुन्हा.
आणि ही पोर सांगते, रोज खोडा.

काम म्हटलं तर एवढंसं:
ओमेना, म्हणजे करंगळीएवढी चंदेरी मासळी,
तिचा भाव किनाऱ्यावरच्या बायकांच्या फोनवर पोचवायचा.
साहेबांनी उंटावरूनच दीडशे पानांचा आराखडा धाडला होता.
नमनालाच घडाभर तेल.
जेरोनोने तो मिटला, वर आपला कप ठेवला.
दोन आठवडे, म्हणाली,
आणि एका बाईच्या उपयोगी पडेल एवढंच.
एका? ओचोला हसला.
त्याला अख्खं सरोवर हवं होतं.

फळ्यावर तीन रकाने.
करायचंय. चाललंय. झालं.
मधल्यात लगेच अकरा चिठ्ठ्या,
माणसं पाच.
एक ना धड, भाराभर चिंध्या.
तिने मधल्या रकान्यावर खडूने तीनचा आकडा काढला:
चौथी लावायची तर आधी एक पुढे सरकवा.
ओचोला दोन दिवस नखं कुरतडत बसला,
तिसऱ्या दिवशी मुकाट्याने खुर्ची ओढून
न्यांग्वेसोच्या शेजारी गेला,
त्याची चिठ्ठी सरकवायला.

सकाळी नऊला, उभ्याउभ्या, पंधरा मिनिटं.
काल काय केलं, आज काय करणार,
घोडं कुठे पेंड खातंय.
उभ्याने, कारण बसलं की माणूस भाषण ठोकतो.
न्यांग्वेसोचा गुडघा अधू, तो बसूनच बोलायचा,
आणि सगळ्यांत थोडकं.
पाचव्या दिवशी म्हणाला, मला हे येत नाही.
बावीस वर्षांत या इमारतीत हे वाक्य
मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.
वहीत त्याला रकानाच नव्हता.

मग डुंगाच्या किनाऱ्यावर, मामा अडोयोच्या हातात फोन.
बोटांना खवलं चिकटलेली.
आलेख, आठवड्याचा कल, वाऱ्याची दिशा, सगळं रंगीत.
तिने हात लांब केला, डोळे बारीक केले.
भाव कुठाय?
खाली आहे, मामा.
खाली म्हणजे कुठे?
ओचोलाने बोट ठेवून दाखवला.
आणि हा येतो नऊला?
नऊला माझी टोपली रिकामी असते, बाळ.
मी सौदा करते चारला.

कुणीच काही बोललं नाही.
मी चिठ्ठी मागितली, होडीच्या काठावर ठेवली,
लिहिलं: एक आकडा. चारच्या आत.
ओल्या लाकडावर अक्षर वाकडं आलं.

परतल्यावर झालंमधल्या सहा चिठ्ठ्या
मीच काढल्या आणि पहिल्या रकान्यात नेल्या.
हात थरथरला, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी आढावा.
काय जमलं, काय बिघडलं, पुढच्या खेपेला काय बदलायचं.
दोष कुणाला द्यायचा नाही, असा नियम.
पहिली दहा मिनिटं फक्त पंखा बोलत होता.
मग अपोंडी कपात बघत म्हणाली,
आपण तिला आधी विचारलंच नाही.
त्या एका वाक्यावर तास गेला.

दुसरी खेप.
पहाटे तीन पन्नासला उशाशी फोन थरथरला.
अंधारात एक आकडा. दुसरं काही नाही.
ओचोलाचा लगेच संदेश: झालं!!
चारला मामा अडोयोचा:
बरा आहे. उद्यापासून तिलापियाचाही टाका.

नऊला मी तिचं वाक्य चिठ्ठीवर उतरवलं,
पहिल्या रकान्यात लावायला गेले,
आणि आधी
पंखा बंद केला.