चारशे सतरा

सिर्क्का म्हणते, घाई नको.
मी कुठे घाई करतो? मी फक्त कापतो:
मेणाच्या ठोकळ्यातून चार मायक्रॉन,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
आणि कोमट पाण्यावर सोडून देतो.
सुरकुती पडली तर चूक माझी,
पण काचेवर ती रोगासारखी दिसू शकते.

औलू. जानेवारी.
दहाला उजाडलं, अडीचला मावळायला लागलं.
गोठलेल्या नदीवरून कुणीतरी स्की करत घरी चाललंय.

उंदीर चारशे सतरा. डाव्या कानाला दोन खाचा.
सोमवारी तैस्तोने पिंजऱ्यावर चिठ्ठी डकवली होती:
पाठ वाकवून बसतो, केस पिंजारलेले.
तैस्तो उंदरांना नावं ठेवत नाही,
दोन्ही अर्थांनी.
याला मात्र तो आजोबा म्हणायचा.

पांथरी असायला हवी घेवड्याच्या शेंगेच्या तुकड्याएवढी.
निघाली ती माझ्या अंगठ्याएवढी.

काचेवर जांभळ्या पेशींची दाटी,
गोल, एकसारख्या, एकमेकींना रेटणाऱ्या,
आणि मधेमधे फिकट, मोकळे ठिपके,
आभाळात चांदण्या असाव्यात तसे.
मी विचारलं, या चांदण्या म्हणजे रोग?
नाही, सिर्क्का म्हणाली,
त्या प्रेतं उचलणाऱ्या.
रोग म्हणजे आभाळ.

विल्यामीने तोवर फॉर्मवर पेनाने लिहूनही टाकलं होतं: बी पेशी.
बी दोनशे वीसचा रंग चढलाय की, तो म्हणाला.
रंग काय, कुणावरही चढतो.
ती चष्मा पुसत राहिली बराच वेळ.
जमावात सापडला म्हणून कुणी चोर होत नाही,
आणि चोराच्या अंगावर दुसऱ्याचा सदरा असू शकतो.

मग मी आणखी कापले. नऊ काप.
अंधाऱ्या खोलीत एक खूण हिरवी पेटली,
दुसरी तांबडी,
आणि एकमेकींवर ठेवल्या तर सगळं पिवळं,
कडेपासून कडेपर्यंत.

थायमसमध्ये प्रत्येक कोवळी टी पेशी
थोडे दिवस दोन्ही खुणा अंगावर वागवते.
मग एक ठेवते, एक टाकते, कामाला लागते.
बहुतेक तर तिथेच मरतात, निमूट.
ही त्या उंबऱ्यावर अडली.
काही टाकलं नाही, काही निवडलं नाही,
संख्येने वाढली, वयाने नाही.

जेलवर शेवटची खात्री:
निरोगी पांथरीची रेघ धूसर, पसरट,
हजार वेगवेगळ्या पेशींनी मिळून खरडलेली.
चारशे सतराची एकच पट्टी, ठसठशीत.
म्हणजे एवढी ही गर्दी,
आणि आत माणूस एकच.
माणूस नव्हे, पेशी. सिर्क्काने मला दुरुस्त केलं.

विल्यामीने बी खोडून टी लिहिलं,
खाली तारीख, बाजूला सही, कान लाल.
कुणी काही बोललं नाही.

तैस्तो पिंजरा धुवायला घेऊन गेला.
चिठ्ठी मात्र त्याने आधी सोडवली,
ओली व्हायला नको म्हणून असेल.

ठोकळ्यात अजून निम्मी पांथरी शिल्लक आहे.
मी पातं बदलतो.